आतून मुलामा

९ जानेवारी

ती. मामास,

काल फोनवर तू मला तीनदा "काय?" विचारलंस, मग आपलं आपणच "बरं बरं" म्हणालास आणि फोन मामीच्या हातात दिलास. मामी म्हणते, कानातलं यंत्र तू डबीत ठेवतोस, कारण वापरलं तर खराब होतं. तेव्हा आता पत्रच लिहिते. निदान कागद तरी तुला "काय?" विचारून भंडावणार नाही.

मी दिवसभर काय करते, हे तुला हवं होतं. ऐक. मी चांदीचे कण बनवते. तुझ्या पॉलिशच्या भुकटीएवढे नव्हेत. एका केसाचे उभे हजार भाग केलेस तर त्यातल्या एका भागाहूनही बारीक. आता विषाणूच्या अंगावर खुंट्या असतात. त्या खुंट्यांनी तो आपल्या शरीरातल्या पेशीला धरतो आणि आत घुसतो. आमचे कण जाऊन त्या खुंट्यांना चिकटतात. मग त्याला पेशी धरता येत नाही, तो बाहेरच राहतो, आणि बाहेर राहिलेला विषाणू कुणाचं काही वाकडं करत नाही. सर्दी-तापाच्या एका विषाणूवर आमचं हे चाललं आहे. सगळं काचेच्या बशीत. माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतील.

तुझ्या धंद्यातली एक गंमत सांगते. इतके बारीक कण झाले की चांदीचं पाणी पिवळं दिसतं. अगदी लिंबू-सरबतासारखं.

ऑक्टोबरात एक कमिटी बसणार आहे. काम चालू ठेवायचं की माझं टेबल दुसऱ्या कुणाला द्यायचं, ते ती ठरवेल. आमच्या बाई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या, म्हणतात की आकडे चांगले हवेत. मी म्हटलं, आकडे देईन, पण चांदीने बरा झालेला एक जिवंत माणूस कमिटीपुढे उभा करता आला असता तर सगळे चहा यायच्या आत हो म्हणाले असते. बाई हसल्या. त्या वर्षातून दोनदाच हसतात, त्यातली एक वेळ झाली.

मामीला सांग, स्वेटर बसला.

तुझी,
भुंगा


२१ जानेवारी

चि. भुंग्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीने वाचलं, मग मी वाचलं, मग शेजारच्या शिंप्याला वाचून दाखवलं. त्याला फार काही कळलं नाही, पण चेहरा मात्र कळल्यासारखा केला होता.

पहिली गोष्ट. चांदी पिवळी नसते. मी चाळीस वर्षं करंडकांना आणि चमच्यांना चांदीचा मुलामा देतो आहे, मला हे सांगू नकोस. तुला पुरवठा करणारा माणूस पितळ खपवतो आहे. बाईंना सांग, भोळेपणा पुरे.

दुसरी गोष्ट. तू जे काम शोधून काढलंस म्हणतेस, ते मी रोज करतो. लोखंडाचा चमचा उघडा ठेवला तर गंजतो. वर चांदीचा थर बसला की हवेला आत शिरायला जागा नाही. तू विषाणूला थर देतेस, मी चमच्याला. तू केलंस की संशोधन आणि मी केलं की दुकान. असो, मी मनाला लावून घेत नाही.

पण मला सांग, विषाणू कोट्यवधी, एकेकाच्या मागे कुठवर धावणार? चमच्याला मुलामा देतो तेव्हा आम्ही हवेला नाही देत. ज्याला वाचवायचं त्याला देतो. मग माणसालाच आतून मुलामा दिला तर?

डोक्यात एक विचार आहे. आत्ता सांगत नाही, कारण तू लगेच भुणभुण सुरू करशील. उगाच नाही तुझं नाव भुंगा ठेवलं.

तुझा मामा


६ फेब्रुवारी

ती. मामास,

चांदीच आहे, पितळ नाही. बाईंना तुझा निरोप मी दिला नाही, कारण मला इथे नोकरी करायची आहे.

माणसाला मुलामा देता येत नाही. माणूस चमचा नाही. आणि तुझ्या डोक्यातला विचार आधी मला कळव. मागे विचार आला होता तेव्हा तू मामीचा चष्मा चांदीचा करून दिला होतास, आणि तो इतका जड झाला की तिचं नाक आठवडाभर लाल होतं.

आता आनंदाची बातमी. नव्या घाण्यातले कण घातले आणि दोन दिवसांनी यंत्राने मोजलं, तर विषाणू जवळजवळ शून्य. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तरी शून्य. बाईंनी भुवई उचलली आणि म्हणाल्या, "इतकं चांगलं?" मी म्हटलं, "हो." आज मी जेवताना नुसती हसत बसले होते. तुला सांगावंसं वाटलं.

तुझी,
भुंगा


११ मार्च

चि. भुंग्यास आशीर्वाद.

शून्य! पत्र शिंप्याला वाचून दाखवलं, मग न्हाव्याला, मग कुलपं दुरुस्त करणाऱ्याला. गल्लीत आता तुला "चांदीवाल्यांची भाची" नाही म्हणत, मला "भुंग्याचा मामा" म्हणतात. चाळीस वर्षांची पाटी तू एका महिन्यात पुसलीस.

आता विचार सांगतो, कारण तो आता विचार राहिलेला नाही. दुकानात चांदी आहे, पाणी आहे, वीज आहे. त्यांना एकत्र नांदवण्यातच माझा जन्म गेला. मी चांदीचं पाणी तयार केलं आणि रोज सकाळी घेतो. घाबरू नकोस, मुलाम्याच्या टाकीतलं नाही. ते विष आहे हे मला कळतं, मी काही खुळा नाही. हे वेगळं, स्वच्छ पाण्यातलं. तुझ्यासारखं पिवळं नाही झालं, जरा राखाडी झालं. मी प्यायला तो करंडक वापरतो, एका क्लबने दुसऱ्या क्रमांकासाठी करून घेतलेला आणि कधीच न्यायला न आलेला. दुसऱ्या क्रमांकाला लोकांत किंमत नसते, पण माझ्या हातचा मुलामा आहे, उगाच कपाटात का ठेवा.

शिंप्यालाही रोज बाटली भरून देतो. त्याला सर्दी झाली होती, ती सात दिवसांत गेली. यापेक्षा काय पुरावा हवा?

मामी बोलत नाही. तिचं म्हणणं, माणसाने पाणी प्यावं ते पाण्यासारखं असावं.

तुझा मामा


१५ मार्च

मामा,

ताबडतोब बंद कर.

सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यात. शितावरून भाताची परीक्षा होते, शिंप्यावरून औषधाची होत नाही.

मी काम करते ते बशीतल्या पेशींवर. तू बशी नाहीस. चांदी पोटात गेली की सगळी बाहेर पडत नाही. थोडी थोडी अंगात साठते, कातडीत जाऊन बसते, आणि उजेड लागला की माणूस निळसर राखाडी दिसायला लागतो. हा रंग मग जात नाही. घासून जात नाही, औषधाने जात नाही. शिवाय तू केलेल्या पाण्यात किती चांदी आहे, कण केवढे आहेत, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही.

हे मी चेष्टेत लिहीत नाही. शिंप्यालाही सांग. आणि मला लिहून कळव की बंद केलंस.

भुंगा


२६ मार्च

चि. भुंग्यास आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे.

मीही धंदा केला आहे. समोरच्या दुकानदाराने विचारलं की तुमच्या चांदीला इतकी चमक कशी येते, तर मी काय खरं सांगतो? मी सांगतो, नशीब. पत्र दहा हातांतून जातं. त्यात तू "हो मामा, पी, गुण येतो" असं थोडंच लिहिणार? उद्या दुसरं कुणी पुढे होऊन तुझं नाव पुसेल. म्हणून "बंद कर" लिहिलंस, आणि जरा जोरातच लिहिलंस. निळ्या माणसाचं तर फारच छान जमलं. शिंपी खरंच घाबरला होता, मी त्याला बाजूला घेऊन समजावलं.

तेव्हा तुला हवं तसं मीही लिहितो: बंद केलं आहे.

कळलं ना?

तुझा मामा


२० मे

ती. मामास,

नाही कळलं. पण बंद केलं आहेस असं तू लिहिलं आहेस, ते मी खरं धरते. धरू ना?

इकडे ठीक. खोलीचा पंखा कुरकुरतो. घरमालकीण म्हणते, पंखा चांगला आहे, माझी झोप वाईट आहे. कामाचं काही विशेष नाही, चालू आहे. त्याबद्दल इतक्यात विचारू नकोस आणि गल्लीत काही सांगूही नकोस. मामीला सांग, पत्र लिहीत जा.

तुझी,
भुंगा


६ ऑगस्ट

चि. भुंग्या,

तू पत्र लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. तुझा मामा दुकानात गेला आहे. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, कारण त्याच्या हाती दिलं तर तो शिंप्याला वाचून दाखवील.

त्याने काहीही बंद केलेलं नाही. रोज सकाळी करंडक भरून घेतो आणि वर मलाच सांगतो की आज हुशारी वाटते. आधी मी लक्ष दिलं नाही. लग्न झाल्यापासून मी त्याला सतरा गोष्टी करताना पाहिलं आहे, त्यातल्या बहुतेक आपोआप संपतात. पण गेल्या महिन्यात त्याची नखं बघितली. मुळाशी निळी झाली आहेत. मग हिरड्या बघितल्या. चेहरा ओल्या पाटीसारखा झाला आहे. मी म्हटलं, आरशात बघ. तो म्हणाला, दुकानातल्या उजेडाचा दोष आहे. मी त्याला हाताला धरून उन्हात नेलं. तो म्हणाला, उन्हाचा दोष आहे.

तुझी रागावलेली पत्रं त्याच्यापुढे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "वाईट आहे" लिहिलंस की त्याला वाटतं गुपित राखते. "विचारू नकोस" लिहिलंस की त्याला वाटतं काहीतरी फार मोठं हाती लागलं. ते मे महिन्यातलं पत्र तर त्याने चौकटीत घालून दुकानात लावलं आहे. त्याचा एकाच गोष्टीवर विश्वास आहे, तुझं शून्य. ते जोवर आहे तोवर तो पीत राहणार. आता मला भीती वाटायला लागली आहे, भुंग्या. मला यातलं शास्त्र कळत नाही, पण तुला मी लहानपणापासून ओळखते. पंख्यावर चार ओळी लिहिणारी तू नाहीस. काही असेल तर त्याला सांग.

मामी


११ ऑगस्ट

ती. मामास,

ते शून्य खोटं होतं.

हे मी कुणाच्या हाती पत्र पडेल म्हणून लिहीत नाही. हवं तर हेही चौकटीत घालून लाव.

झालं असं. विषाणू पेशीत शिरतो, तिथे वाढतो, तेव्हा तो मोजता येतो. पेशीच मेल्या तर त्याला वाढायला जागाच नाही. मग यंत्र शून्यच दाखवणार. माझे कण विषाणूला अडवत होते की पेशींनाच मारत होते, हे आधी बघायला हवं होतं. जुन्या घाण्याच्या वेळी बघितलं होतं. नव्या घाण्याच्या वेळी बघितलं नाही, कारण आकडा इतका सुंदर होता की मला दुसरं काही बघायचंच नव्हतं. मे महिन्यात एकदा सहज त्याच घाण्याची एक ताजी बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. चांगल्या पेशी बशीच्या तळाला पसरून, एकमेकींना चिकटून बसतात. माझ्या सगळ्या गोल होऊन वर तरंगत होत्या. एकही जिवंत नव्हती. ढेकणांसाठी मी घर जाळलं होतं आणि आता ढेकूण नाही म्हणून नाचत होते.

मी ते कुणालाच सांगितलं नाही. वाटलं, ऑक्टोबरच्या आत गुपचूप दुरुस्त करीन. तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं. तू गल्लीभर सांगून बसला होतास आणि मला तुझ्यापुढे लहान व्हायचं नव्हतं. मामीचं पत्र आलं तेव्हा कळलं की मी शून्य लपवून ठेवते आहे आणि तू ते रोज सकाळी पितो आहेस. आज बाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बशी दाखव." टेबल बहुतेक जाईल.

मामा, ज्या चांदीवर तुझा भरवसा आहे, ती मी बनवली, मोजूनमापून, आणि तरी तिने बशीतलं सगळं मारलं. तुझी तर कुणी मोजलेलीही नाही. आता बंद कर. आणि डॉक्टरांकडे जा.

तुझी,
भुंगा


२३ ऑगस्ट

चि. भुंग्यास आशीर्वाद.

बंद केलं. या वेळी कळलं म्हणून बंद केलं. करंडक मामीने जप्त केला आहे, आता त्यात ती भाजी चिरायच्या सुऱ्या ठेवते.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला खिडकीशी उभं केलं, मग मदतनीस बाईंना बोलावलं, मग समोरच्या दवाखान्यातल्या मित्राला बोलावलं. पुस्तकात वाचलं होतं म्हणाले, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघतो. इतक्या लोकांनी कौतुकाने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. तपासण्या केल्या. आतलं सगळं ठीक आहे, वेळेवर थांबलात म्हणाले. रंग मात्र जायचा नाही, आणि उन्हात गेलो तर वाढेल. मामीने मोठी टोपी आणली आहे. काळवंडलेली चांदी उजळून देण्यात माझा जन्म गेला, आता स्वतःच काळवंडून बसलो. मामी विचारते, पॉलिशचा डबा आणू का.

शिंप्याला काहीच झालेलं नाही. मी त्याला खडसावून विचारलं तेव्हा कबूल झाला. एक थेंबही प्यायला नव्हता. माझं मन मोडवेना म्हणून रोज बाटली घ्यायचा आणि इस्त्री करताना कपड्यांवर शिंपडायचा. म्हणजे अख्ख्या गल्लीत मुलामा बसलेला मी एकटाच, बाकी सगळ्यांच्या विजारींना.

आता मी हे का प्यायलो, ते तू विचारतेस असं समजून सांगतो. तू जानेवारीत लिहिलं होतंस, कमिटीपुढे उभा करायला एक माणूस हवा. तू ते हसत लिहिलंस हे मला आता कळतं. मला वाटलं, पोरीचं घोडं एका माणसापायी अडलंय, आणि आपण तर माणूस आहोत. ऑक्टोबरात सूट घालून येणार होतो. शिंप्याने मापंही घेतली होती.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. रंगाचं नाही, रंगाची सवय होईल. तू मे महिन्यापासून हे एकटीने घेऊन बसली होतीस आणि मी इथे चौकटीला खिळा ठोकत होतो, त्याचं वाईट वाटलं. माझ्यापुढे लहान व्हायला कसली लाज? मी तुला लहान असतानाच पाहिलं आहे.

लोक विचारतात, चेहऱ्याला काय झालं. मी सांगतो, भाचीचा प्रयोग फसला आणि माझाही. ती पुन्हा करणार आहे. मी नाही.

तुझा मामा


२९ ऑक्टोबर

ती. मामास,

कमिटी झाली. मी शून्याचा आकडा दाखवला, मग मेलेल्या पेशींचा फोटो दाखवला आणि खाली बसले. एकाने विचारलं, "हे कधी कळलं?" म्हटलं, मेमध्ये. "सांगितलं कधी?" म्हटलं, ऑगस्टमध्ये. "मधे काय करत होतात?" म्हटलं, घाबरले होते. मग त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आता घाबरत नाही. मला अशीच माणसं हवीत." एक वर्ष दिलं आहे. टेबल बदललं, खिडकीपाशी होतं ते आता बेसिनपाशी आलं. पण टेबल आहे.

आता तुझ्याबद्दल. बाईंना मी तुझी सगळी गोष्ट सांगितली होती. तुझी परवानगी घेतली नाही, पण तूही शिंप्याला वाचून दाखवताना घेत नाहीस. त्यांनी नवा नियम केला. कणांचा नवा घाणा झाला की नुसत्या विषाणूच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. जोडीला एका बशीत विषाणूशिवाय नुसत्या पेशींवर तेच कण घालायचे, आणि यंत्रावर न विसंबता स्वतः डोळ्यांनी बघायचं, पेशी जगल्या का मेल्या. या तपासणीला लांबलचक नाव आहे, ते कुणी घेत नाही. बाईंनीच एकदा विचारलं, "तुझा मामा बघितलास का?" तेव्हापासून सगळे तेच म्हणतात. इनक्यूबेटरच्या एका खणावर चिठ्ठी लावली आहे: मामा. गेल्या आठवड्यात बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते. त्यांच्यादेखत मी बाईंना सांगितलं की मामा सकाळीच गेला, पुन्हा करायला हवा. त्यांनी उठून माझं सांत्वन केलं.

या महिन्यात मामा सारखा जात होता. मी कण धुऊन बघितले, मात्रा कमी केली, आणखी कमी केली, तरी सकाळी आलं की सगळं तरंगत असायचं. आज आले तेव्हा मला काही आशा नव्हती. अगदी थोड्या मात्रेची बशी होती. तिच्या जोडीच्या बशीत विषाणू होता, आणि तो निम्म्यावर आला होता. शून्य नाही, निम्मा. मग मामाची बशी घेतली आणि डोळा लावला. सगळ्या पेशी तळाला पसरून, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मी दोनदा बघितलं. पलीकडून बाईंनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "मामा जिवंत आहे," आणि मला रडू कोसळलं. बाईंनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं, मी निकालासाठी रडते आहे.

तुझी,
भुंगा